सात नंबरची बाटली

सातवा ग्लास नाकाशी नेला आणि माझा हात तिथेच थांबला.

सुकेळ्यांचा वास. वसईकडची राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की मधाच्या रंगाची होतात, चिवट आणि गोड. त्यांना सुकेळी म्हणतात. मधाच्या वासामागे तो वास अगदी स्पष्ट येत होता. आणि मधाच्या वाइनमध्ये मनुकांऐवजी सुकेळी घालणारं जगात एकच घर मला माहीत होतं.

माझ्या उजव्या हाताला डॉक्टर अल्मेडा मान खाली घालून गुण लिहीत होत्या. त्या दातांच्या डॉक्टर, बोलायला फटकळ. डाव्या हाताला कैतानकाका आपला ग्लास खिडकीच्या उजेडात धरून रंग पाहत होते. समोर करंजवाडीच्या शाळेचा हॉल माणसांनी गच्च भरला होता. नाताळानंतरचा रविवार, सकाळचे साडेअकरा. चर्चमधली मिस्सा आटोपून सगळी वाडी थेट इकडेच आली होती, आणि आम्ही तिघं टेबलामागे बसून काय तोंडं करतो हे दीडशे माणसं डोळे लावून पाहत होती.

याला आता तेवीस वर्षं झाली.

मी तेव्हा सत्तावीसची होते. सुवार्ता साळवे, मूळची नगरची, नोकरीला नाशिकच्या एका वाइनरीत. प्रयोगशाळेत वाइन तपासायची, चाखायची, थुंकायची आणि वहीत लिहायचं, हे माझं काम. कैतानकाकांचं पत्र आमच्या साहेबांना आलं आणि साहेबांनी ते माझ्याकडे सरकवलं. ‘बाहेरचा परीक्षक हवा आहे,’ असं त्यात लिहिलं होतं, आणि ‘बाहेरचा’ या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

त्या रेघांना कारण होतं. करंजवाडीत घरोघर नाताळाची वाइन होते. जांभळाची, अननसाची, आल्याची. त्यांची स्पर्धा भरते. आदल्या वर्षी पहिला नंबर ज्याला मिळाला, त्याचा साडूच परीक्षक होता. ते कळल्यावर असं रण माजलं की दोन घरांनी एकमेकांच्या लग्नाला जाणं सोडलं. कैतान डाबरे, म्हणजे कैतानकाका, बोटीवर तीस वर्षं स्ट्युअर्ड होते. निवृत्त होऊन आलेले. त्यांनी ही स्पर्धा अंगावर घेतली आणि एक पानभर नियम लिहून हॉलच्या दारावर डकवले. बाटलीवर नाव नाही, फक्त नंबर; तो देणाऱ्यालाही सांगायचा नाही, नाव बंद पाकिटात. परीक्षकाने अत्तर लावून यायचं नाही. आधी लिहायचं, मग बोलायचं. रंगाला सहा गुण, वासाला दहा, चवीला चोवीस, एकूण ठशाला दहा. प्रत्येक बाटलीबद्दल शेरा लिहायचा, म्हणजे हरलेल्याला आपलं काय चुकलं ते कळेल. आणि शेवटचा नियम असा: वाइन कुणाची आहे हे परीक्षकाला कळलं, तर त्याने उठायचं.

त्या वर्षी काकांनी दोन नवे गटही काढले होते. उत्तरेकडच्या बंदरांत त्यांनी मधाची वाइन प्यायली होती, तिकडे तिला मीड म्हणतात. आणि सफरचंदाची सायडर. मला याच दोन गटांसाठी बोलावलं होतं. मी काकांना फोनवर सांगितलं होतं, “तुमच्या वाडीतला मेल्विन तुस्कानो आमच्याकडे पिंपांच्या तळघरात काम करतो. माझ्या ओळखीचा आहे. त्याच्या घरची बाटली असेल त्या गटाला मी बसणार नाही.”

“स्पर्धेला तुस्कानोंची फक्त जांभळाची असते,” काका म्हणाले होते. “वीस वर्षं तेच. तू निश्चिंत ये.”

मेल्विनलाही मी विचारलं होतं. तोही हेच म्हणाला.

मी काकांना खोटं सांगितलं नव्हतं. पूर्ण सांगितलं होतं, असं मात्र म्हणता येणार नाही.

सकाळी सायडरचा गट मजेत पार पडला. पाच बाटल्या होत्या. त्यातली एक इतकी आंबली होती की डॉक्टर अल्मेडांनी शेऱ्याच्या जागी लिहिलं, ‘लोणच्यात घाला, वाया जाणार नाही.’ आम्ही घोट घ्यायचो, तो स्टीलच्या तपेल्यात थुंकायचो, बिस्किटाचा तुकडा चघळायचो, पाणी प्यायचो. थुंकलं की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या हळहळायच्या. मग मधाच्या वाइनच्या नऊ बाटल्या आल्या. सहा झाल्या आणि सातवी माझ्या हातात होती.

आता मी काय करावं?

पहिला विचार मनात आला तो हा, की कुणालाच कळणार नाही. मी शिकलेली परीक्षक. प्रामाणिकपणे चाखेन, प्रामाणिकपणे गुण देईन. मी एक घोट घेतला आणि जिभेवर फिरवला.

हीच वाइन मी ऑक्टोबरात नाशिकला चाखली होती. मेल्विन घरून एका छोट्या बाटलीतून घेऊन आला होता. तेव्हा शेवटी जिभेच्या मुळाशी करपलेल्या काकवीसारखी कडवट चव आली होती, आणि मी त्याला तसं सांगितलंही होतं. आता मी ती चव शोधू लागले. सापडली. कडवटपणा होता. पण मला तो आवडत होता.

मी दुसरा घोट घेतला. आणखी आवडली. नाताळाच्या सकाळी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभं राहिल्यासारखं वाटलं. वाइन दोन महिन्यांत मुरली होती, की मीच ती मुरवून घेत होते? जीभ माझी होती, पण तिच्यावरचा माझा भरवसा उडाला होता.

मी पेन खाली ठेवून उभी राहिले.

“काका, सात नंबर मी तपासू शकत नाही.”

“का? माशी पडली?”

“नाही. ही कुणाची आहे ते मला कळलंय.”

हॉलमध्ये एकदम कुजबुज उसळली. सकाळी काकांनीच माईकवरून सांगितलं होतं, “या बाई नगरच्या आहेत. इथे त्यांचं नातं नाही, गोतं नाही.” आता सगळे माझ्याकडे अशा नजरेने पाहत होते, जणू मी कुणाच्या तरी खिडकीतून उतरताना सापडले आहे.

“कुणाची?” मागून कुणीतरी ओरडलं.

“कसं कळलं ते सांगा!” हा पास्कोल लोपीस होता. उंच, मिशाळ, हातात टोपी. वाडीतली मधमाश्यांची पेटी फक्त त्याच्याकडे, त्यामुळे मधाच्या गटात त्याचंच नाव आधीपासून घेतलं जात होतं. “मागच्या वर्षीसारखं पुन्हा नको!”

चौथ्या रांगेत मेल्विन उभा राहायच्या बेतात होता. मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. तो अर्धवट उठलेला तसाच खाली बसला.

कैतानकाका सावकाश उठले. “नियम वाचा,” ते म्हणाले. “उठायचं, एवढंच लिहिलंय. कारण आता विचारलं तर बाटली कुणाची ते आम्हा दोघांनाही कळेल. मग आम्हालाही उठावं लागेल आणि शेवटी बाटल्या तपासायला पास्कोलची बकरी आणावी लागेल.” हॉल हसला. “निकाल लागल्यावर ती सगळ्यांसमोर सांगेल. सांगशील ना?”

“सांगेन,” मी म्हटलं. “आणि काका, माझे आधीच्या सहा बाटल्यांचे कागद फाडून टाका. सगळ्या नऊ बाटल्यांना तेच तीन परीक्षक हवेत.”

काकांनी कपाळाला हात लावला, पण कागद फाडले. राखीव म्हणून आगाशीहून बोलावलेले लिओ सर माझ्या खुर्चीवर येऊन बसले आणि गट पहिल्यापासून सुरू झाला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन पायरीवर बसले.

पाच मिनिटांत मेल्विन आला. चेहरा पांढरा पडलेला.

“सात नंबर आईची आहे?”

मी ओठांवर बोट ठेवलं.

“पण ती म्हणाली होती जांभळाचीच देणार!” तो म्हणाला. “पास्कोलने मधाची दिली हे ऐकून चेव आला असणार तिला. मी आत जाऊन सांगतो. लोक काय बोलतायत ऐकलंस का? कुणी म्हणतं तू पैसे खाल्लेस, कुणी म्हणतं तू पास्कोलची भाची आहेस.”

“त्याच्या मिशा आहेत का मला?”

“सुवार्ता, मस्करी नको.”

“मेल्विन, तू आत्ता तोंड उघडलंस तर सगळ्यांना कळेल बाटली कुणाची ते. मग ती बाटली बाद. ती वर्षभर मुरत ठेवलेली वाइन आहे. तिला तिचे गुण मिळू देत. जा, आत जाऊन बस आणि चेहरा सरळ ठेव.”

तो गेला. चेहरा काही सरळ झाला नाही.

थोड्या वेळाने माझ्यासमोर एक बशी आली. तिच्यात चार न्युऱ्या होत्या, नाताळाच्या करंज्या. बशीमागे एक ठेंगणी, रुंद बाई, लाल काठाच्या पातळात, केसांत सोनचाफा. मी तिला फोटोत पाहिलं होतं. मेल्विनची आई, फिलोमेना तुस्कानो. सारी वाडी तिला फिलूबाय म्हणते आणि सारी वाडी तिला थोडीशी भिते.

“खा,” ती माझ्या शेजारी पायरीवर बसत म्हणाली. “उपाशी पोटी वाइन चाखून नियम सांगत बसलीस.”

मी एक न्युरी घेतली.

“कुणाची होती गं?”

“आत्ता नाही सांगता येणार.”

“पास्कोलचीच असणार. तो लवंग घालतो मूठभर. मेलेला माणूससुद्धा ओळखेल.”

मी न्युरी चावत राहिले.

“बरं, ज्याची कुणाची असेल, त्याचं तू भलं केलंस की नुकसान?”

“ते मला नाही माहीत.”

“मग उठलीस कशाला?”

“माहीत नव्हतं म्हणूनच.”

तिने पदराने कपाळ पुसलं. “माझा मुलगा तुमच्याकडेच आहे ना? मेल्विन. कामाला कसा आहे?”

“चांगला आहे. पिंपं कशी सांभाळायची ते त्याला कळतं.”

“आणि?”

“सोमवारी उशिरा येतो.”

फिलूबाय खो खो हसली. “इथून रविवारी निघतच नाही ना वेळेवर! मी विचारते तर म्हणतो, साहेब काही बोलत नाहीत.” ती गुडघ्यावर हात टेकून उठली. “बशी रिकामी कर. त्या चार मी मोजून आणल्यात.”

ती आत गेली. मी उरलेल्या तीन न्युऱ्या खाल्ल्या. एकीचीही चव मला आठवत नाही.

सव्वा वाजता घंटा झाली. मी आत जाऊन भिंतीपाशी उभी राहिले. कैतानकाकांनी चष्मा लावला आणि दीडशेपैकी गुण वाचायला घेतले. तिसऱ्या नंबराचं पाकीट लगेच फोडलं; तो एका नव्या सुनेला मिळाला, तिने तोंडावर हात घेतला. “दुसरा नंबर, बाटली सात. एकशे सतरा. पहिला नंबर, बाटली तीन. एकशे अठरा.” मग त्यांनी उरलेली दोन पाकिटं फोडली. तीन नंबर पास्कोल लोपीस. सात नंबर फिलोमेना तुस्कानो.

पास्कोलने टोपी वर उडवली. ती पंख्यावर अडकली. पण हॉलचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. सगळ्यांच्या माना आधी फिलूबायकडे वळल्या आणि मग माझ्याकडे.

“आता सांग,” काका म्हणाले.

मी टेबलापाशी गेले. “ऑक्टोबरात यांच्या मुलाने ही वाइन मला नाशिकला चाखायला दिली होती. आज सुकेळ्यांच्या वासावरून मी ती ओळखली. बस, एवढंच.”

“एवढंच?” फिलूबाय उभी राहिली होती. बशी देणारी बाई ही नव्हतीच. “एका गुणाने गेलं माझं! एका! तू बसून राहिली असतीस तर? सांग, तू किती दिले असतेस?”

“फिलूबाय, ते नियमात नाही,” काका म्हणाले.

“नियम संपले. निकाल लागला. पास्कोलचा कप कोण काढून घेतंय? मला फक्त ऐकायचंय.”

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी हात झटकले.

“ऑक्टोबरात मी सवयीने वहीत गुण लिहिले होते,” मी म्हटलं. “पन्नासपैकी एकतीस.”

हॉलमध्ये कुणीतरी शीळ घातली. लिओ सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी अडतीस दिले होते.

“एकतीस,” फिलूबाय पुटपुटली. “आणि आज?”

“आज पंचेचाळीस दिले असते.”

“मग बस ना गं खाली! पंचेचाळीस! कप माझ्या घरी आला असता!”

“म्हणूनच उठले.”

तिला कळेना. कुणालाच कळेना. डॉक्टर अल्मेडा पुढे झुकल्या. “थांबा, थांबा. दोन महिन्यांत चौदा गुण? कुठलीही वाइन दोन महिन्यांत चौदा गुणांनी सुधारत नाही.”

“नाही सुधारत,” मी म्हटलं.

“मग बदललं काय?”

माझे कान तापले होते. पण सांगेन म्हणून मी कबूल झाले होते, आणि अर्धं सांगणं मी फोनवर एकदा करून चुकले होते.

“ऑक्टोबरात मेल्विन नुसता कामावरचा होता,” मी म्हटलं. “नोव्हेंबरात त्याने मला लग्नाचं विचारलं. मी हो म्हटलं.”

एक क्षण पंख्यावरच्या टोपीची फडफड तेवढी ऐकू आली. मग काय झालं ते नीट सांगता येणार नाही. बाकं वाजली. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. पास्कोल, जिंकलेला पास्कोल, सगळ्यांत मोठ्याने हसत मेल्विनच्या पाठीवर थापा मारत होता. “तुझ्या बायकोने कप मिळवून दिला मला!” असं तो ओरडत होता, जे अर्धंच खरं होतं, पण त्याला कोण थांबवणार? मेल्विन लाल, मी लाल. कैतानकाका खुर्चीवर मटकन बसले आणि म्हणाले, “ओळखीचा आहे म्हणे. ओळखीचा!”

फक्त फिलूबाय हसत नव्हती.

ती गर्दीतून वाट काढत टेबलापाशी आली. सात नंबरची बाटली उचलली, तळाशी उरलेली वाइन ग्लासात ओतली आणि उभ्या उभ्या प्यायली. तिने डोळे मिटले.

“शेवटी कडू लागतं,” ती म्हणाली.

“हो.”

“करपल्यासारखं.”

“तुम्ही मध उकळता,” मी म्हटलं. “उकळलात की फुलांचा वास उडून जातो आणि हे राहतं. नुसत्या कोमट पाण्यात कालवला तर पुरे.”

“माझी सासू उकळायची.”

सासूचा विषय मी तिथेच सोडला.

ती मेल्विनकडे वळली. “तुला हे ठाऊक होतं?”

“ऑक्टोबरपासून,” तो म्हणाला.

“आणि आईला सांगितलं नाहीस?”

“भीती वाटली.”

“हिला नाही वाटली?”

“मला आत्तासुद्धा वाटतेय,” मी म्हटलं.

फिलूबायने ग्लास टेबलावर ठेवला. तिच्या ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा मला वाटला, पण खात्री नव्हती. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, कैतानकाकांनी ग्लासातला रंग पाहावा तसं.

“तुझे वडील घेतात का गं?”

“काय?”

“वाइन. बिअर. काहीही.”

“नाही. आमच्या घरात थेंब नसतो. वडील नगरच्या चर्चमध्ये उपदेश करतात, आमच्यात प्रभुभोजनालाही द्राक्षाचा नुसता रस असतो. मी ही नोकरी धरली तेव्हा ते महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते.”

“अरे देवा,” फिलूबाय म्हणाली. ती खरोखरच विचारात पडली. मग बोटं मोजत स्वतःशीच बोलू लागली. “म्हणजे त्यांच्याकडची माणसं वेगळ्या टेबलावर बसवायची. त्यांना कोकम सरबत. लिंबाचं नको, उन्हाळ्यात लिंबं महाग होतात. मेल्विन, मे महिन्यात फादर मोकळे आहेत का ते विचारून ये. उभा काय राहिलास? जा!”

मेल्विन गेला नाही. त्याने तिथेच, सगळ्या हॉलसमोर, आपल्या आईला उचललं. ती दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावर चापट्या मारत होती. केसांतला सोनचाफा खाली पडला आणि आता ती हसत होती, इतकी की डोळ्यांत पाणी आलं होतं.

लग्न मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी झालं. माझे वडील पांढऱ्या शर्टात, ताठ मानेने, वेगळ्या टेबलावर बसले. आजूबाजूला बँड वाजत होता, बाटल्या फिरत होत्या, आणि ते जणू काही न पाहता कोकम सरबत पीत होते. एक ग्लास, दुसरा, तिसरा. फिलूबाय स्वतः सरबताचा जग घेऊन त्यांच्या मागे उभी होती. चौथा ग्लास भरताना तिने विचारलं, “कसं झालंय, साळवेसाहेब?”

वडिलांनी ग्लास खाली ठेवला. विचार केला. त्यांच्या समोर नवी विहीण होती, मुलीचं लग्न होतं, दोनशे पाहुणे होते.

“सरबत उत्तम आहे,” ते म्हणाले. “मीठ जरा जास्त पडलंय.”

फिलूबायने जग टेबलावर ठेवला, मंडपाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं आणि बँडच्या वर आवाज चढवून ओरडली, “अगो, आता कळलं मला, तू ही अशी का आहेस ते!”